ओव आणि थांब

धनेशने खिशातला फॉर्म पुन्हा चाचपला. नाशिकच्या संस्थेचा. शुद्ध हरपलेल्या पेशंटना ते लोक जन्मभर सांभाळायचे, पण खाट उद्या सकाळपर्यंतच राखून ठेवणार होते. सही तेवढी बाकी होती.

माणिकपूरच्या त्या स्कॅन सेंटरमध्ये दीड तास बसून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. उठायचा, कूलरचं पाणी प्यायचा, परत बसायचा. दोन हजार आठचा मे महिना, शर्ट पाठीला चिकटलेला. समोरच्या बाकावर त्याची सासू, आगाशीच्या हंसाबाई, ढिम्म बसून होत्या. मध्ये स्ट्रेचरवर रीमा, त्याची बायको. रिक्षा उलटली त्याला अकरा महिने झाले. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही.

सासूचंही त्याला काही कळेनासं झालं होतं. वाडीतला मोगरा यंदा झाडावरच सुकून चालला होता. उभा जन्म गजरे विकण्यात गेलेली बाई, पण फुलांकडे ढुंकून बघत नव्हती. अंबाड्यावर साधी कळीसुद्धा नाही. सख्ख्या आईनेच आशा सोडली, मग सही करणारा मीच तेवढा दुष्ट कसा, असं तो स्वतःला समजवायचा. समजवायचा, पण बरं काही वाटायचं नाही.

मुंबईहून आलेल्या डॉक्टर क्लेमेंटनी सकाळीच सगळं नीट सांगितलं होतं. बोलता-हलता न येणाऱ्या माणसाला आत काही उमजतंय का, हे मेंदूच्या चित्रांवरून ताडायचं. कानात 'ओव' म्हटलं की पेशंटने मनातल्या मनात गजरा ओवायला घ्यायचा. 'थांब' म्हटलं की थांबायचं. ऐकून खरंच ओवलं, तर हात चालवणारा भाग चित्रात लाल होतो. गजऱ्याचं हंसाबाईंनीच सुचवलं होतं. लग्नाआधी रीमाचा त्यात हात धरणारं आगाशीत कुणी नव्हतं. पडताळून बघायला त्याच घरचं एक धडधाकट माणूस हवं होतं. "जावईबापूंना झोपवा," हंसाबाई म्हणाल्या. पण जावयाने जन्मात सुई धरलेली नव्हती. मग नाइलाजाने हंसाबाईच मशीनमध्ये गेल्या. आधी त्या, मागून रीमा. मध्ये एकदा वीज गेली आणि आली.

दार उघडलं. "या," डॉक्टर म्हणाले.

स्क्रीनवर दोन चित्रं होती. एकात लाल पट्टा. पाचही वेळा 'ओव'ला उमटलेला, 'थांब'ला पुसलेला. दुसरं राखाडी, कोरं.

धनेशने कोऱ्याकडे पाहिलं आणि त्याला हायसं वाटलं. लगेच स्वतःची किळसही आली. तरी पेन बाहेर काढलंच.

डॉक्टरांच्या कपाळावर मात्र आठ्या पडल्या होत्या. "कोऱ्या चित्रावर हंसाबाईंचं नाव आहे. लाल आहे ते रीमाच्या नावावर."

धनेश स्क्रीनकडे सरकला. "नावं उलटी लागली असतील."

मशीन चालवणारी लुसी चाचरली. "वीज आल्यावर नावं मी परत टाकली होती, सर. माझीच गडबड झाली असेल."

"झालीच असणार. जाग्या माणसाचं चित्र असं पाच वेळा कोरं कसं येईल?" डॉक्टरांचा आवाज खाली आला. "माफ करा, धनेश. पुन्हा करायचं तर मशीन आता महिन्याभराने मिळेल. पण उत्तर दिसतंच आहे." त्यांनी नावं बदलायला माउस हातात घेतला.

धनेशने फॉर्म टेबलावर पसरला. महिनाभर थांबायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

हंसाबाई उठल्या. काही बोलायला गेल्या आणि थबकल्या. मग पदर सावरून पुढे आल्या.

"नावं बदलू नका, डॉक्टर. मी ओवलंच नाही."

"म्हणजे?"

"रीमा मला आई म्हणून हाक मारेपर्यंत फुलाला शिवणार नाही, असा जीवदानी देवीला नवस बोलले होते. नवस सांगायचा नसतो, सांगितला की फुकट जातो. म्हणून इतके दिवस गप्प होते." त्यांनी फॉर्मवर हात ठेवला. "तुम्ही पाच वेळा 'ओव' म्हणालात. पाचही वेळा मी हात आवरून पडून राहिले. मनातसुद्धा एक कळी उचलली नाही. तो गजरा माझ्या लेकीनं ओवलाय."