तानुबाईंची शिफ्ट

चार महिन्यांच्या चिमीने आजीच्या हातावर तिसऱ्यांदा बोचकारलं, आणि आम्रपाली धावत आली.

“आई, वयानं कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय तुमची. जरा नख लागलं की सोलते!” तिने सासूची जखम धुतली, चिकटपट्टी टाळून मऊ कापड गुंडाळलं, बाकीच्या हाताला चिमीचंच क्रीम चोपडलं आणि फर्मान काढलं, “बरं होईपर्यंत चिमीला घ्यायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मात्र तानुबाई, पत्र्याने कापू नये म्हणून चाकणच्या कंपनीने वेल्डर मुलाला दिलेल्या जाड बाह्या चढवून, डोक्यावर त्याचंच पिवळं हेल्मेट घालून सोफ्यावर येऊन बसल्या.

“आण पोरगी. माझी शिफ्ट सुरू झाली.”

आजीचा तो अवतार बघून चिमी इतकी खिदळली, की दमून तिच्या मांडीवरच झोपली. तानुबाईंनी नातीची मूठ अलगद उघडली आणि सुनेपुढे नेलकटर धरलं.

“घे, काप आता. पोरीचं बोट कापंल म्हणून भ्या तुला, अन् वेल्डर मी व्हायचं व्हय?”