सरसकट सात

वहीवर दहापैकी आठ गुण पाहून रेणुकाचा चेहराच उतरला.

"विधान केलंत तर पुरावा द्या, नाहीतर नुसत्या चकाट्या," असं वाकणकर सर युक्तिवादाच्या प्रत्येक तासाला बजावत. म्हणून तिने निबंधात ठणकावून लिहिलं होतं: 'आमचे सर निबंध वाचतच नाहीत, सगळ्यांना सरसकट सात ठोकतात. पुरावा? या निबंधालाही सातच मिळतील.'

"काय गं, वाचला ना मी?" सर मिशीतल्या मिशीत हसले. "पुरावा तुझ्याच अंगाशी आला. आता माग माफी, सगळ्यांसमोर!"

रेणुका उठली आणि वर्गाकडे वळली. "सात मिळालेल्यांनी हात वर करा रे!"

पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हातच हात. वर्गात खसखस पिकली.

सरांचं डोकं सटकलं. त्यांनी वही हिसकावली आणि आठ खोडून रागारागाने सात लिहिले.

"थँक्यू सर," रेणुका म्हणाली. "आता पुरावा पक्का झाला."