पुढाकार

"सर, आपल्या कंपनीपुरती का होईना, वैमानिकांची युनियन काढू या. तुम्ही पुढाकार घेतलात तर सगळे येतील. ही रोजची जागरणं आता सोसवत नाहीत," विमान ढगांवर स्थिरावताच सहवैमानिक म्हणाला.

"पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? निवृत्तीला आलोय मी. तू मीट जरा डोळे, मी बघतो."

सहवैमानिकाचा लगेच डोळा लागला.

रेडिओवर कुणीतरी जीव तोडून हाका मारत होतं. त्या आवाजाने आधी कप्तान दचकून जागा झाला, मग सहवैमानिक. उतरायचं शहर केव्हाच मागे पडलं होतं. कप्तानाने विमान वळवलं.

"हे कुणाला सांगू नकोस," तो पुटपुटला.

"सांगायला आपलं आहे कोण, सर?"