बाबांचा शेवटचा अर्ज

बाबा पक्के वकील. देवाकडेसुद्धा तोंडी काही मागायचे नाहीत, रीतसर अर्ज लिहायचे. ते गेल्यावर त्यांच्या आठवणी काढायला आम्ही सगळे जमलो, तेव्हा त्यांच्या कारकुनाने त्या अर्जांची जाडजूड फाइल आईच्या हातात ठेवली. ‘थोरलीचा ताप उतरावा.’ ‘धाकटा गणितात सुटावा.’ काम झालं की बाबा स्वतःच खाली लाल शाईने ‘मंजूर’ लिहायचे! वाचता वाचता हसून आमची मुरकुंडी वळली.

शेवटच्या अर्जाखाली मात्र जागा कोरी होती. ‘पुढच्या जन्मीही हीच बायको मिळावी.’

आईने डोळे पुसले, चष्मा चढवला, माझं पेन ओढून घेतलं आणि खाली लिहिलं,


‘समोरच्या पक्षाची हरकत नाही. फक्त अर्जदार घोरणार नाही, अशी लेखी हमी घ्यावी.’