एका घरच्या दोन गाड्या

नव्या कॅशियरने दोन्ही बिलं एकाच पाकिटात घातली आणि ते पाकीट बाईंच्या हातात दिलं.

कंपनीच्या भारी कोटातल्या काउंटरवाल्याने काचेतून ते पाहिलं. एका घरच्या दोन गाड्या एकाच दिवशी सर्व्हिसिंगला घ्यायच्या नाहीत, हा त्या सर्व्हिस सेंटरचा कुठेही न लिहिलेला नियम होता. घ्याव्याच लागल्या तर बिलं वेगळ्या पाकिटांत, वेगळ्या हातांत आणि जमलं तर वेगळ्या वेळी. कॅशियरला कामाला लागून चारच दिवस झाले होते. तिला हे सांगायचं राहून गेलं होतं, आणि सांगायचं काम त्याचंच होतं.

बाई सोफ्यावर टेकल्या, चष्मा लावला आणि दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. एक त्यांच्या छोट्या गाडीचा, रोज भाजी आणणाऱ्या. दुसरा त्यांच्या दातांच्या डॉक्टर नवऱ्याच्या गाडीचा. ती लाल, दोन दारांची, जमिनीला पोट लावून पळणारी. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावाव्यात तशा बाई इकडची ओळ तिकडच्या ओळीला लावत खाली खाली गेल्या. मग उठून काउंटरपाशी आल्या.

"ऑइल दोन्ही गाड्यांचं बदललं. फिल्टर दोन्हींना. तपासणीही दोन्हींची. मग ह्यांचं बिल माझ्या चौपट कसं?"

या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं. अकरा वर्षं घासून गुळगुळीत झालेलं, सव्वा मिनिटाचं. 'मॅडम, परफॉर्मन्स गाडी म्हणजे' इथून ते निघायचं, वाटेत इंजिनाची उष्णता आणि कारखान्यातलं खास प्रशिक्षण घ्यायचं आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागापाशी येऊन थांबायचं. तिथपर्यंत गिऱ्हाईकच ओशाळून म्हणायचं, "नाही हो, सहज विचारलं."

पण परवापासून त्याची डावीकडची दाढ ठणकत होती. गाल टम्म फुगला होता. शब्दागणिक कळ कानापर्यंत जात होती. सव्वा मिनिट बोलणं आज त्याच्याच्याने होणार नव्हतं.

"मॅडम," म्हणून तो थांबला. मागच्याच महिन्यात एकाने बिलावरून तक्रार केली होती. आणखी एक आली की काउंटर सोडायचं आणि मागे गाड्या धुवायला उभं राहायचं, असं मॅनेजरने त्याला सांगून ठेवलं होतं.

"बोला ना."

"ऑइल तेच," तो तोंडाच्या उजव्या बाजूने म्हणाला. "एकाच पिंपातलं. साहेबांच्या गाडीला लिटरभर जास्त लागतं."

"फिल्टर?"

"तोच. खोका वेगळा."

"आणि काम करणारा?"

"एकच. आधी तुमची केली, मग साहेबांची. पाऊण पाऊण तास."

"मग चौपट कशाचे?"

त्याने गालावर हात दाबून धरला. "गाडी बघून."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

बाई चिडल्या नाहीत. त्यालाच तो जास्त घाबरला. चिडलेल्याला कॉफी पाजून गार करता येतं. शांत गिऱ्हाईक घरी जाऊन पानभर पत्र लिहितं.

"मॅनेजर आहेत आत?"

"आहेत."

"हं." बाईंनी मॅनेजरच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं. "आमच्या दवाखान्याचं काउंटर मीच सांभाळते. अठरा वर्षं झाली."



तेवढ्यात डॉक्टर गाडीतून आवारात एक चक्कर मारून आत आले. चेहरा फुललेला.

"काय पळतेय. सकाळी आणली तेव्हा जड वाटत होती, आता नुसती लोणी." ते बायकोकडे वळले. "अगं, स्वस्तात करून देणारे गल्लीगल्लीत बसलेत. पण ह्याला हात लागतो. उगाच नाही लोक पैसे मोजत."

काउंटरवाला स्टेपलरकडे बघत राहिला. आता बाई बोलणार. एक वाक्य पुरे होतं.

बाईंनी आपलं बिल घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि दुसरं नवऱ्याच्या हातात दिलं. "हे तुमचं."

डॉक्टरांनी ते वाचलंसुद्धा नाही. पैसे भरले, कागद खिशात कोंबला. मग त्यांचं लक्ष काउंटरवाल्याच्या गालाकडे गेलं.

"आ करा बघू."

काउंटरवाल्याने आ केला. डॉक्टरांनी मोबाइलचा उजेड आत पाडला, मान तिरकी करून पाहिलं आणि जिभेने च्च केलं.

"सोमवारी या दवाखान्यात. तशी साधीच दाढ, पण काम नाजूक आहे. भलत्याच्या हातात देऊ नका."

असं म्हणून ते बाहेर गेले. लाल गाडी एकदा गुरगुरली, दोनदा गुरगुरली. नवऱ्याचं ॲक्सिलरेटर पुरेसं दाबून होईपर्यंत बाई पर्सची चेन लावत थांबल्या. मग काउंटरवर जराशा वाकल्या.

"सोमवारी येताना हा कोट घालू नका."

"का हो मॅडम?"

"साध्या शर्टात या," बाई म्हणाल्या. "दाढ तीच राहील."