हलकी पुंगळी

मनिषचं पत्र होळीच्या आधी आलं होतं आणि भैय्यालालजींनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. मनिष एकेकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेला; आता नागपूरच्या एका खासगी कंपनीत काडतुसं घडवत होता. ‘सर, रायफलच्या काडतुसाची पुंगळी पितळेऐवजी प्लास्टिकची केली आहे. वजन खूपच उतरलं. चाचणीला पाठवण्याआधी तुमचं सहीनिशी मत हवं.’ सोबत नमुना होता, आत बारूद नसलेला.

आता मे तापला होता. कारध्याच्या घरी, मागच्या पडवीबाहेर जमिनीवर टाकलेल्या टिनाच्या पत्र्यावर भैय्यालालजींनी आजही दोन काडतुसं उन्हात मांडली. एक मनिषचं, दुसरं तसंच पोकळ, पण पितळी. जवाहरनगरच्या कारखान्यात सगळी नोकरी तपासणीत गेली, तरी आपल्या बोटांवर त्यांचा भरवसा नव्हता.

पुतणी डिंपल निरोप घ्यायला आली. ती गडचिरोली पोलिसात होती. सुट्टी संपली होती, दुपारच्या गाडीनं निघायचं होतं.

“काय वाळू घातलं, मोठेबाबा? वड्या?”

तिनं पितळी काडतूस उचललं आणि लगेच टाकलं. “बापा! पोयला ना हात!” मग दुसरं उचललं, तळहातावर उडवून झेललं. तिचा चेहरा उजळला. “हे त कायीच नाही! माह्या पाठीवरचं अर्धं ओझं गेलं समजा. कवा देऊन राहिले आमाले?”

“त्याची गोळी धर. फिरव.”

डिंपलनं दोन बोटांत गोळी धरली. ती पुंगळीच्या तोंडात अलगद फिरली. तिनं पुन्हा फिरवली. पुन्हा फिरली.

“सावलीत ठेवली की घट्ट बसते. पितळीची उन्हातही हलत नाही,” भैय्यालालजी म्हणाले.

“नाकाबंदीले सावली कुठं भेटते? अन् सैल गोळी बंदुकीत अडकली त?” तिनं काडतूस हळूच खाली ठेवलं. “ज्यानं बनवलं, त्याले सांगितलं?”

“चार वर्षं घातली पोरानं यात. आणि मी रिटायर माणूस. बोटं थरथरतात. चूक माझीच असली तर?”

“माही बोटं त थरथरत नाहीत ना?”

भैय्यालालजींनी ती गोळी स्वतः एकदा फिरवून पाहिली.

“तुम्ही चुकीचं लिवलं, त ते लोक पुन्हा तपासतीन. अन् लिवलंच नाही, त आमीच तपासू. तिकडं, जंगलात.” ती उठली. “चला, गाडी चुकन माही. अन् ऐका, हलकंच पायजे मले. फक्त असं नोको.”

ती गेल्यावर भैय्यालालजी लिहायला बसले. ‘कदाचित’ हा पहिलाच शब्द त्यांनी खोडला. मग तो कागदच फाडून नवा घेतला.

‘मनिष, पुंगळी हलकी झाली हे फार चांगलं झालं, ती हलकीच हवी. पण उन्हात गोळी सैल होते. मी अनेकदा पाहिलं, आज दुसऱ्यानंही पाहिलं. या रचनेला माझी संमती नाही. पुन्हा कर. तुला जमेल.’

खाली त्यांनी पूर्ण नावाची सही केली.

पोस्टात खिडकीवरच्या शकुनबाईंनी पाकिटावर शिक्का हाणला. भैय्यालालजी खिडकीशीच घुटमळले.

“टपालाचा थैला केव्हा जातो?”

“येईनच गाडी आता. काहून जी, काका?”

“नाही... परत मागितलं, तर मिळतं का?”

“गाडी येईपर्यंत मिळते. देऊ का?”

भैय्यालालजींनी घाईनं नकारार्थी मान हलवली आणि ते बाहेर पडले. रस्ता ओलांडून पलीकडच्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. टपालाची लाल गाडी आली, पोस्टासमोर थांबली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि थैला आत पडून दार लागेपर्यंत सोडले नाहीत.