आधी कुणाकडे?

अगं, ऐक तर! शेजारच्या ताईची नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा परवावर आलेली, तीही तिसऱ्यांदा, आणि गाडी एकाच प्रश्नावर अडलेली: आधी कुठल्या पेशंटकडे जाल? ती दरवेळी बोंबलणाऱ्याकडे धावायची. तिचे बाबा शेंगदाणे चावत पुस्तकातून प्रश्न विचारायचे आणि कपाळाला हात लावायचे. “अगं बाई, बोंबलणाऱ्याचा श्वास चालू असतो! गप्प पडलेल्याला आधी बघ!” कालही तेच चाललेलं, इतक्यात तिच्या दादाचं बोट दारात चेंगरलं. त्यानं घर डोक्यावर घेतलं. ताई उठून धावली आणि मध्येच थबकली. बाबा एवढे गप्प कसे? वळून बघते तर गळा धरलेला, चेहरा जांभळा! तिनं त्यांना पुढे वाकवून पाठीत सणसणीत दणके घातले. शेंगदाणा टुणकन पुस्तकावर! धाप ओसरल्यावर बाबा म्हणाले, “बरोब्बर! पुढचा प्रश्न.” दादा मात्र अजून रुसलाय. तू आधी कुणाकडे धावली असतीस?